पायाळू शिंत्रे आणि मुक्ताचा गुडघा

उल्हास शिंत्रे जन्मले तेच पायांकडून. मिरजेच्या दवाखान्यात आधी दोन इवलेसे पाय बाहेर आले आणि मग, बऱ्याच खटपटीनंतर, उरलेला उल्हास. अशा पोराला पायाळू म्हणतात, आणि पायाळूचा पाय लागला की पाठीतली उसण जाते असं आपल्याकडे मानतात. त्यामुळे अक्कल यायच्या आधीच या माणसाकडे रुग्ण यायला लागले. चार वर्षांचं पोर झोपेतून उठवायचं, पालथ्या पडलेल्या कुणा काकांच्या पाठीवरून दोनदा चालवायचं, की काका "हुश्श, मोकळं झालं बघा" म्हणत चहा पिऊन घरी जायचे. आता तुम्हीच सांगा, इतक्या लोकांना आपल्यामुळे बरं वाटतंय म्हटल्यावर त्या पोराने स्वतःबद्दल काय समजूत करून घ्यावी?

पुढे पायांना हातांची जोड मिळाली. तालमीमागच्या मैदानावर अण्णा खो-खो शिकवायचे. सगळ्या पेठेचे अण्णा. त्यांना आडनाव असेल असं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. पोराचा घोटा मुरगळला, मांडी धरली, की अण्णा तेल कोमट करायचे, अंगठ्याने शिरेवर दाब द्यायचे आणि म्हणायचे, "ऊठ, पळ." उल्हास खेळ शिकला तसा त्याने तो अंगठाही शिकून घेतला. खेळायचाही झकास. खांबापाशी अशी हूल द्यायचा की पाठलाग करणारा भलतीकडेच झेपावायचा.

बाविसाव्या वर्षी खेळ सुटला. का सुटला ते शिंत्रे स्वतःच सांगायचे, आणि कुणी न विचारता सांगायचे. राज्य स्पर्धेच्या तोंडावर गुडघा मुरगळला. अण्णांनी चोळून बरा केला. सूज गेली, दुखणं गेलं, पण जोरात वळायची वेळ आली की जीव कचरायचा, पाय टाकवायचा नाही. अण्णांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "गुडघ्याला काही नाही याच्या. मनात भीती बसलीय." झालं! पेठेत महिनाभर तोच विषय, शिंत्र्यांच्या उल्हासची टरकली. पोराने मान खाली घातली, रेल्वेची परीक्षा दिली आणि थेट लखनौ गाठलं. "मी घाबरलो म्हणून संपलो," हे वाक्य ते इतक्या शांतपणे म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, वा, केवढा मोकळ्या मनाचा माणूस.

लखनौत त्यांनी तीस वर्षं रेल्वेचे पूल तपासले. इंदिरा नगरात घर केलं, संसार मांडला. आणि नशीब बघा, इथेही तीच समजूत! शेजारच्या बागेतल्या माळ्याची कंबर धरली होती, तेव्हा शिंत्रे सहज बोलून गेले की मी पायाळू. दुसऱ्या दिवशी दारात तिघं हजर. "साहब उल्टे पैदा हुए हैं, लात लगा दें तो चनक निकल जाती है." मलिहाबादचा एक आंबेवाला तर पाठ मोकळी झाल्यापासून दर जूनमध्ये दशहरीची पेटी आणून ठेवायचा आणि जाताना वाकून पायाही पडायचा. ग्रंथपाल असलेल्या त्यांच्या बायकोला, चेतनाताईंना, हे सगळं थोतांड वाटायचं. पण आंबे त्याही खायच्या, हेही सांगायला हवं.

रविवारी सकाळी आणि रोज संध्याकाळी शिंत्रे कॉलनीच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायचे. फुकट शिकवायचे, जीव ओतून शिकवायचे. माती उन्हाने भाजून विटेसारखी झालेली असायची. शिंत्रे म्हणायचे, आम्ही याहून वाईट मैदानावर खेळलो. अंग गरम करायला मैदानाला दोन फेऱ्या, बस्स, की लगेच डाव सुरू. उड्या, पायांचे व्यायाम वगैरे लाड त्यांना मान्य नव्हते. त्याने पोरी आधीच दमतात, म्हणायचे. कुणी पडलं की स्वतः धावत जायचे, अंगठा लावायचे, पोरगी उठायची. शंभरातल्या नव्वद मुरगळ्या चार दिवसांत आपोआप बऱ्या होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या नव्वदांचं श्रेय बिनबोभाट त्यांच्या अंगठ्याला मिळत गेलं.

त्या मैदानावरची सगळ्यांत चपळ पोरगी म्हणजे त्यांचीच मुक्ता. वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. खांबापाशी तशीच हूल द्यायची, बापासारखी. ती पाहताना शिंत्र्यांचे डोळे भरून यायचे आणि ते शिट्टी तोंडात धरून दुसरीकडे बघायचे. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या संघाची निवड होती. मुक्ताची निवड होणार हे सगळे धरूनच चालले होते. त्या घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मुक्ता साखळी पळत होती. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळायचं, त्याला साखळी म्हणतात. शेवटच्या खांबाशी तिने हूल दिली, अंग वळलं, पाय मात्र जमिनीतच रुतून राहिला. कुणी धक्का दिला नाही, कुणी शिवलंसुद्धा नाही. टक्क असा आवाज झाला. शेजारी बसलेल्या अंतराला, तिच्या मैत्रिणीला, तो ऐकू आला. मुक्ता गुडघा धरून कोसळली. "बाबा, अंदर कुछ टूटा है."

शिंत्र्यांनी गुडघा चाचपला. "हाड शाबूत आहे गं. लचकलाय फक्त." आणि मातीतच मांडी घालून अंगठा लावला. मुक्ता ओरडली तसे म्हणाले, "सोस थोडं." घरी पोचेपर्यंत दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला. मग मिरजेहून आणलेली आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरमगरम लेप, आणि वरून पुन्हा चोळणं. आत रक्त साचलंय आणि आपण त्याला शेक देतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बर्फ लावायचा, पाय उंच ठेवायचा, अजिबात चोळायचं नाही, हे आज शाळेतली पोरंही सांगतात. पण शिंत्र्यांना सांगणार कोण?

चेतनाताई तिसऱ्या दिवशी हट्टाला पेटल्या. "अहो, निदान एक एक्स-रे तरी काढू या. माझ्या समाधानासाठी." गेले. एक्स-रे साफ आला. तिथल्या तरुण डॉक्टरने कागदावर लिहून दिलं, लिगामेंटसाठी एमआरआय करून घ्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कागद शिंत्र्यांच्या हातात पडला, त्यांनी वाचला आणि खिशात घातला. बाहेर बसलेल्या मायलेकींना एक्स-रेची काळी फिल्म उजेडात धरून दाखवली. "बघा! एक रेघ तरी आहे का? मी काय सांगत होतो?"

हा तोच माणूस बरं का, पुलाच्या गर्डरवर केसाएवढी चीर दिसली तर वरून जाणाऱ्या सगळ्या गाड्यांचा वेग तीसवर आणणारा! साहेब ओरडले, पत्रं आली, तरी हटायचा नाही. चीर किती खोल गेलीय ते तपासल्याशिवाय गाडी सोडणार नाही, म्हणायचा. पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र फिल्म उजेडात धरली आणि विषय संपवला. राग येतो हो, सांगताना आजही येतो.

पाच आठवड्यांत सूज उतरली, दुखणं गेलं. मुक्ता मैदानात आली. सरळ पळताना ठीक होती. वळायची वेळ आली की थबकायची. एकदा जिना उतरताना कठडा धरून उभी राहिली. "बाबा, घुटना खिसकता है. जैसे अंदर से निकल जाएगा."

शिंत्रे तिच्यासमोर उकिडवे बसले, गुडघा दोन्ही हातांत धरला, दाबून पाहिला. हाताला काही लागलं नाही, कारण काय शोधायचं तेच ठाऊक नव्हतं. मग अगदी प्रेमाने, खरंच प्रेमाने, ते म्हणाले, "गुडघ्याला काही नाही बाळा. मनात भीती बसलीय. माझं काय झालं ते माहीत आहे ना तुला? मी घाबरलो म्हणून संपलो. तू नको घाबरू."

मुक्ताने मान हलवली. बापाची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि आपणही तशाच निघतोय की काय, या विचाराने तिला जी लाज वाटली, ती तिने कुणाला दाखवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दात आवळून वळायला लागली. दोनदा पाय सटकला. तिने सांगितलं नाही.

निवड सामन्यात चौथ्या मिनिटाला ती खांबाशी गेली, हूल दिली, आणि या वेळी आवाज सगळ्यांना ऐकू आला. गुडघा वाकलेला तसाच अडकला, सरळ होईना. तिची किंकाळी ऐकून शिंत्रे मैदानात धावले, गुडघ्यापाशी बसले, हात पुढे केला. मुक्ता रडत रडत म्हणाली, "बाबा, सॉरी. मैं फिर डर गई."

त्यांचा हात तिथेच थांबला. मग स्ट्रेचर आलं.

डॉक्टर निगम या खेळाडूंच्याच दुखापती पाहणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एमआरआयची चित्रं पाहिली आणि एकामागून एक प्रश्न विचारले. पहिल्यांदा पडली तेव्हा आवाज झाला होता? दोन तासांत सूज आली होती? नंतर गुडघा निसटल्यासारखा वाटायचा? तिन्ही प्रश्नांना मुक्ताने हो म्हटलं. चेतनाताई नवऱ्याकडे बघत होत्या. शिंत्रे भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे.

"लिगामेंट तो अगस्त में ही टूट चुका था," डॉक्टर म्हणाल्या. गुडघ्याच्या आत एक दोरीसारखा बंध असतो, वळताना तोच हाड जागेवर धरतो. तो तुटला की एक्स-रेत दिसत नाही आणि चोळून कधी जुळत नाही. वेळीच शस्त्रक्रिया करून नवा बंध बसवला, पुढचे नऊ-दहा महिने नीट व्यायाम केले, की या वयाची बहुतेक मुलं पुन्हा खेळतात. पण बंध नसताना ही तीन-चार आठवडे वळत राहिली. प्रत्येक सटक्यात हाडांमधली गादी घासली गेली, आता ती चिरडली आहे, हाडावरचं गुळगुळीत अस्तरही निघालंय. "चलेगी, साइकिल चलाएगी, सब करेगी. खो-खो नहीं."

मुक्ताला पट्टी बांधायला शेजारच्या खोलीत नेलं, चेतनाताई सोबत गेल्या. शिंत्रे मागे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, पर मुझे भी बिलकुल यही हुआ था. बाईस की उम्र में. मालिश से ठीक हो गया."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ज़रा लेटिए."

टेबलावर झोपवून त्यांनी शिंत्र्यांचा गुडघा वाकवला, पोटरी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली. ती सहज पुढे आली, कपाटाच्या ड्रॉवरसारखी. दुसऱ्या पायाची मात्र हलली नाही. डॉक्टरांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. "शिंत्रे साहब, आपका लिगामेंट तीस साल से नहीं है. खेल छूट गया होगा ना? छूटना ही था. ऐसे घुटने पर कोई मुड़ ही नहीं सकता."

शिंत्रे टेबलावरून उठले नाहीत. तीस वर्षं हा माणूस स्वतःला भित्रा म्हणत आला होता. लग्नाआधी चेतनाताईंनाही पहिली गोष्ट हीच सांगितली होती, की मी तसा कच्च्या दिलाचा आहे. आणि त्याची टरकली नव्हती हो! एकदाही टरकली नव्हती. गुडघ्यातला बंध तुटला होता, आणि कुणी पाहिलंच नव्हतं. आता कुणावर ओरडायचं? अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली. आणि अण्णांवर ओरडायचं तर अण्णांचंच वाक्य पोरीच्या कानात शब्दन् शब्द कुणी घातलं?

त्यांनी घरी हे कुणालाच सांगितलं नाही. स्वतःच्या गुडघ्याचंही नाही आणि त्या खिशातल्या कागदाचंही नाही. नोव्हेंबरात मुक्ताची शस्त्रक्रिया झाली, निदान चालताना तरी गुडघा धरून राहावा म्हणून. कांचन नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येऊन व्यायाम करून घ्यायची. शिंत्रे दाराबाहेर उभे राहून सगळं ऐकायचे आणि वहीत उतरवायचे. मैदानावर त्यांनी नियम बदलले. खेळाआधी वीस मिनिटं व्यायाम. उडी मारून उतरताना गुडघे आत झुकू द्यायचे नाहीत. मांडीच्या मागच्या स्नायूंना रोज ताकदीचा व्यायाम. माती खणून, पाणी मारून मऊ करायची. कुणाचा गुडघा दोन तासांत सुजला तर थेट डॉक्टर. पाठ धरलेला आंबेवाला आला, त्याला हात जोडून परत पाठवलं. तो बिचारा दारातच उभा राहिला. "हमसे कोई ग़लती हो गई, साहब?" शिंत्रे म्हणाले, "नहीं भैया. मुझे आता ही नहीं था."

मुक्ता व्यायाम मुकाट करायची. रडायची नाही, चिडायची नाही. बापाशी बोलायची, आई नसली तर चहासुद्धा करून द्यायची, कुबड्या बगलेत धरून. शिंत्र्यांना वाटायचं, पोरीने एकदा तोंडावर शिव्या घालाव्यात. ती उलट जास्तच गोड वागायची. असं का, ते त्यांना डिसेंबरातल्या एका दुपारी कळलं.

थंडी होती. ऊन बाल्कनीत आलं होतं. मुक्ता पाय स्टुलावर ठेवून अंतराशी फोनवर बोलत होती. अंतराची संघात निवड झाली होती. शिंत्रे आत पेपर वाचत होते, आवाज सरळ कानावर येत होता.

"नहीं यार, किसी की ग़लती नहीं है. मैं डर गई थी. बाबा को पहले से पता था, उन्होंने कितना समझाया. मुझमें ही दम नहीं है. तू जा, तू अच्छा खेल."

शिंत्र्यांनी पेपर बाजूला ठेवला. म्हणजे ही दोन महिने मनात हेच घेऊन बसलीय! गुडघा गेला तो गेला, आता आयुष्यभर हेच सांगत फिरणार, न विचारता, शांतपणे. ते कसं वाटतं हे जगात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. अर्धं सांगून चालणार नव्हतं. शिंत्रे पाच मिनिटं खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. मग उठून बाल्कनीत गेले.

"मुक्ता, फोन ठेव. मला बोलायचंय."

तिने फोन ठेवला.

"तू घाबरली नव्हतीस. एक क्षणही नाही. गुडघा सरकतो असं तू सांगितलंस, ते खरं होतं. तुझ्या पायात बंधच नव्हता. तशा पायावर कुणीही वळू शकत नाही. मीसुद्धा वळू शकलो नव्हतो. डॉक्टर निगमनी माझाही गुडघा पाहिला. माझंही तेच झालं होतं, आणि लोकांनी भित्रा म्हटलं ते मी खरं मानलं. तेच तुला सांगितलं." मग लगेच पुढचंही सांगून टाकलं. "आणि अजून एक. एक्स-रेच्या दिवशी त्या डॉक्टरने लिहून दिलं होतं, एमआरआय करा म्हणून. मी वाचलं होतं. तुम्हाला दाखवलं नाही. मला वाटलं, माझ्या हाताला कळतं."

मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, श्वास सुटल्यासारखं. शिंत्र्यांनी ते पाहिलं आणि त्यांना क्षणभर वाटलं, झालं, मी तिला सोडवलं. मग ते हळूहळू गेलं आणि तिच्या कपाळावर आठी आली, लहानपणी गणित सोडवताना यायची तशी.

"बाबा," ती म्हणाली, "उसी दिन एमआरआय करा लेते, तो ऑपरेशन अगस्त में हो जाता?"

"हो."

"तो अगले साल मैं खेलती?"

इथे त्यांना पळवाट होती. डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत, म्हणता आलं असतं. बहुतेक मुलं खेळतात, सगळी नाही, म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"हो बाळा," शिंत्रे म्हणाले. "खेळली असतीस."

मुक्ताने स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. खाली मैदानाकडे तोंड फिरवलं. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, आप अंदर जाइए. और दरवाज़ा लगा दीजिए."

ते आत आले. दार लावलं. दोन महिने न आलेलं रडू त्या दारामागे आलं, आणि ते गुडघा दुखल्याचं रडणं नव्हतं. चेतनाताई भाजी घेऊन बाजारातून आल्या, आवाज ऐकून दचकल्या. "काय झालं हो? का रडतेय ती?"

"मी तिला खरं काय ते सांगितलं," शिंत्रे म्हणाले.

चेतनाताईंनी पिशवी तिथेच टाकली आणि दार ढकलून बाहेर गेल्या. मुक्ताने आईच्या कमरेला मिठी मारली ते दाराच्या फटीतून दिसलं. शिंत्रे दोन पावलं पुढे झाले आणि थांबले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.